जुन्या मारुती ८०० चा इंडिकेटर स्विच बदलायचाय? मग स्टेअरिंगला हात सगळ्यात शेवटी लावा

आमच्या जुळे सोलापुरात आणि नातेवाईकांत मिळून जुन्या मारुतींचे इंडिकेटर स्विच बदलताना मी बऱ्याचदा हजर होतो, चार तर माझ्याच हातांनी बदललेत, आणि गडबड दरवेळी एकाच जागी होते. लोक पहिलं काम काय करतात तर स्टेअरिंग खोलतात. स्टेअरिंग मांडीवर घेऊन बसल्यावर मग कळतं की आणलेल्या स्विचच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या जोडाला) पिना वेगळ्या आहेत, किंवा स्विच चांगलाच होता आणि फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा डबा, गेलेला. आता गाडी हलवता येत नाही, दुकानात जायला दुसऱ्याची टू-व्हीलर मागायची, आणि इलेक्ट्रिकलचा पार्ट एकदा पाकिटातून काढला की दुकानदार परत घेत नाही. म्हणून मी इथं क्रमावर जास्त लिहिलंय, पाने आणि स्क्रू तर काय तुम्ही बघून काढालच.

हे सगळं मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. ओम्नी, जुनी झेन, इस्टीम यांनाही क्रम तोच, फक्त स्क्रूच्या जागा थोड्या इकडंतिकडं.

सावधान: स्टेअरिंगवर एअरबॅग असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एअरबॅगवाल्या गाडीत स्टेअरिंगखाली गुंडाळलेली पट्टी असते, ती चुकीची फिरली तर तुटते, आणि बॅग चुकून उडाली तर माणूस जायबंदी होतो. ती गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.

## १. खरंच स्विच गेलाय का?

याला दहा मिनिटं लागतात आणि हेच लोक करत नाहीत. चावी ऑन करा आणि एकेक बघा.

हॅझर्ड म्हणजे चारी इंडिकेटरचं बटण दाबा. चारी नीट लुकलुकतात पण दांडी खालीवर केली की काहीच होत नाही, तर आधी इंडिकेटरचा फ्यूज बघा, कारण हॅझर्डला करंट थेट बॅटरीवरून येतो आणि दांडीच्या इंडिकेटरला चावीवरून, दोघांचे फ्यूज बहुतेक वेगळे असतात. फ्यूज चांगला असेल तर मग संशय स्विचवर.

हॅझर्डही नाही आणि इंडिकेटरही नाही, तर स्विचला दोष देऊ नका. फ्लॅशर गेलेला असतो, नाहीतर त्याचा फ्यूज. फ्लॅशर ओढून काढायचा, नवा खोचायचा, झालं काम. माझ्या आतेभावाने यासाठीच अख्खा कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर, लाईट, वायपर सगळं एकत्र असलेला) बदलून घेतला होता, आणि स्विच बसवल्यावरही इंडिकेटर लागेना तेव्हा कुठं त्याने मला फोन केला.

एकच बाजू भराभर लुकलुकते तर त्या बाजूचा एखादा बल्ब उडालाय किंवा त्या लाईटचं अर्थिंग गंजलंय. पुढचा आणि मागचा बल्ब २१ वॅटचा असतो, एक गेला की फ्लॅशरवरचा लोड कमी होतो आणि तो घाई करायला लागतो. कुणी एलईडी बल्ब टाकले असतील तरी हेच होतं.

हॅझर्डला डावी बाजू लागते पण दांडीने डावी लागत नाही, उजवी मात्र लागते, किंवा दांडी बोटाने दाबून धरली तरच लागते, तर तो स्विचच. आतली पितळी पट्टी जळालेली किंवा झिजलेली असते.

इंडिकेटर लागतो नीट, पण वळण झाल्यावर दांडी आपोआप परत येत नाही, हे वेगळं दुखणं. दांडी परत आणायचं काम स्टेअरिंगच्या मागची प्लॅस्टिकची कॅम आणि स्विचमधली छोटी जीभ मिळून करतात. कॅम मोडली असेल तर नवा स्विच टाकूनही दांडी परत येणार नाही. हे स्टेअरिंग काढल्यावरच दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.

ज्याला पक्की खात्री करायचीय त्याने २१ वॅटच्या बल्बला होल्डर आणि दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प बनवावा. कपलरपर्यंत हात जायला पुढच्या टप्प्यातलं कव्हर मात्र आधी खोलावं लागेल. एक वायर बॉडीला अर्थ, दुसरीने स्विचच्या कपलरमधल्या एकेका पिनेला मागून स्पर्श करायचा, चावी ऑन ठेवून. ज्या पिनेवर बल्ब लुकलुकेल ती फ्लॅशरकडून येणारी वायर. आता फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्याने ती पिन आणि डाव्या इंडिकेटरची पिन जोडा. स्विच बाजूला ठेवूनही डावी बाजू लुकलुकली तर मधला स्विचच गेलाय, पुढं काही विचार करायची गरज नाही.

तपासा: फ्यूज, फ्लॅशर, चारी बल्ब, चारी अर्थ. हे चारही चांगले निघाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## २. कव्हर खोला, फोटो काढा, मगच दुकानात जा

स्टेअरिंग कॉलमचं कव्हर दोन तुकड्यांत असतं, वरचं आणि खालचं. खालून स्टार स्क्रू काढले की दोन्ही वेगळे होतात आणि यासाठी स्टेअरिंग काढावं लागत नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते.

सोलापूरचं ऊन वीस वर्षं खाल्लेलं प्लॅस्टिक कसं होतं ते सांगायला नको, कडक भाकरीसारखं कडाक्कन मोडतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडीत बसून हे काम करू नका, घामाने हात निसटतात, स्क्रू हातात धरवत नाही आणि घाई होते. सकाळी सात-आठला सावलीत गाडी लावून सुरू करा. कव्हर ओढून काढायच्या आधी कडेची फट बोटाने चाचपा, कुठं क्लिप आहे ते कळतं. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं तर क्लिपचा कान तुटणार हे नक्की.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. जो जिथून निघाला ती जागा कागदावर काढून त्यात टोचून ठेवा. पुढं याचं कारण येईल.

आता मोबाईलने फोटो काढा: कपलर समोरून, पिना दिसतील असा, कपलरच्या मागून वायरींचे रंग दिसतील असा, आणि वायरिंग कॉलमवरून कुठून कुठं जाते तो. स्विचवर काही नंबर छापलेला असेल तर त्याचाही. ८०० मध्ये उजव्या हाताची दांडी इंडिकेटर आणि लाईटची, डावी वायपरची, आणि दोन्ही एकाच बॉडीवर असतात म्हणून त्याला कॉम्बिनेशन स्विच म्हणतात. जुन्या आणि नव्या मॉडेलचे स्विच सारखे दिसतात पण कपलर वेगळा निघतो, त्यामुळं 'मारुती ८०० चा द्या' एवढं सांगून काही होत नाही. आरसी घेऊन जा, गाडी कोणत्या महिन्याची कोणत्या साली बनली ते त्यात असतं, आणि फोटो काऊंटरवर दाखवा.

दुकानात काय बघायचं: पिना मोजा, त्यांची मांडणी फोटोशी जुळवा, स्क्रूची भोकं त्याच जागी आहेत का बघा, दोन्ही दांड्या प्रत्येक पोझिशनला हलवून बघा, खटका स्वच्छ वाजला पाहिजे. ओरिजिनल आणि डुप्लिकेटमध्ये पैशांचा फरक असतो हे खरं, पण मी डुप्लिकेट टाकून पस्तावलोय, आठ महिन्यांत डिपरचा खटका मऊ झाला. एवढी खोलाखोली दोनदा करण्यापेक्षा एकदाच चांगला घ्या.

सोबत फ्लॅशर जुना असेल तर तोही घ्या. आणि सामान जमवा: १० चा पाना बॅटरीसाठी, १७ ची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा स्टेअरिंगच्या नटासाठी, स्टार स्क्रूड्रायव्हर एक लांब एक आखूड, मार्कर किंवा खडू, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, थोडं इलेक्ट्रिकल ग्रीस. स्टेअरिंग पुलर, म्हणजे स्टेअरिंग ओढून काढायचं अवजार, मिळाला तर उत्तमच.

## ३. नवा स्विच लटकवून टेस्ट करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुन्या स्विचचा कपलर लॉक दाबून वेगळा करा, वायर धरून ओढू नका, कपलरचं प्लॅस्टिक धरून ओढा. नवा स्विच कपलरला जोडा आणि तसाच कॉलमखाली लोंबकळत ठेवा, धातूला लागणार नाही असा, खाली फडकं घाला. निगेटिव्ह परत लावा, चावी ऑन करा आणि डावा, उजवा, पार्किंग लाईट, हेडलाईट, डिपर, वायपरच्या सगळ्या स्पीड, वॉशरचं पाणी, सगळं एकदा चालवून बघा.

सगळं चाललं तर आता कुठं स्टेअरिंग काढायचा विचार करायचा. नाही चाललं तर निगेटिव्ह काढा, जुना स्विच परत जोडा, कव्हर लावा, आणि गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडं जा. गाडी रस्त्यावर चालण्यासारखी आहे, काहीही मोडलेलं नाही, हा या क्रमाचा फायदा.

## ४. स्टेअरिंग काढणं

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक वर, पुढची चाकं अगदी सरळ. चाकं सरळ आहेत का ते स्टेअरिंगवरून ठरवू नका, खाली उतरून समोरून बघा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून टर्मिनलला फडकं गुंडाळा.

मधलं हॉर्नचं पॅड काढा. काही स्टेअरिंगवर ते कडेने ओढलं की निघतं, काहींवर स्टेअरिंगच्या मागच्या बाजूने स्क्रू असतात, ओढून येत नसेल तर जोर लावायच्या आधी मागं आरसा धरून बघा. पॅडखाली हॉर्नची वायर असेल ती हळूच सोडवा. बारीक स्प्रिंग असतील तर त्या उडतात, मांडीवर पंचा पसरून बसा.

आता मधला मोठा नट. तो ढिला करताना स्टेअरिंग फिरायला लागतं आणि लोक काय करतात तर चावी काढून स्टेअरिंग लॉक करतात आणि त्या लॉकवर जोर देतात. लॉकचा खिळा त्यासाठी बनवलेला नाही, तो वाकला की चावीचा सेट बदलायची वेळ येते. चावी आतच ठेवा, लॉक सोडलेलं, आणि स्टेअरिंग दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगा.

नट ढिला करा पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे धरून राहू दे. मग मार्कर घेऊन शाफ्टच्या (स्टेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्याच्या) टोकावर आणि स्टेअरिंगच्या मध्यावर एका रेषेत खूण करा, ठळक, दोन ठिकाणी.

आता स्टेअरिंग दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवी आळीपाळीने स्वतःकडं ओढा, गुडघ्याने खालून थोडा आधार द्या. वर्षानुवर्षं न निघालेलं स्टेअरिंग एकदम सुटतं, आणि नट काढून ठेवला असेल तर थेट तोंडावर येतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी नट काढला होता आणि ओठाला तीन टाके पडले. नट आट्यांवर असला की स्टेअरिंग तिथंच अडतं. सुटल्यावर मग नट काढा.

नाहीच निघालं तर स्प्लाईनवर, म्हणजे शाफ्टच्या दात्यांवर, गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबा आणि पुलर लावा.

सावधान: हातोडा नाही. शाफ्टच्या टोकावर ठोकलं की आतल्या बेअरिंगला मार बसतो, आटे दबतात, आणि काही गाड्यांत अपघाताच्या वेळी कॉलम आत दबावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिना ठेवलेल्या असतात, त्या तुटतात. हे बाहेरून दिसत नाही पण स्टेअरिंग नंतर आतबाहेर हलायला लागतं. गॅरेजमध्येही कुणी हातोडा घेतला तर थांबवा त्याला.

## ५. जुना स्विच आणि त्याच्या कपलरकडं नीट बघा

स्टेअरिंग निघालं की स्विच समोर दिसतो, तीन-चार स्क्रूवर बसलेला. स्क्रू काढा, वायरिंगच्या पट्ट्या सोडवा, कुठली वायर कुठल्या क्लिपमधून जाते ते फोटोशी जुळवा आणि स्विच शाफ्टवरून बाहेर घ्या. स्टेअरिंगच्या मागची कॅम आत्ताच तपासा, दोन्ही कान शाबूत पाहिजेत.

आता कपलर. एखाद्या पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालंय किंवा वितळलंय का? असेल तर नवा स्विच तसाच लावला तर तोही जळणार, पैज लावून सांगतो. कारण शोधा, आणि कारण बहुतेक वेळा हेडलाईट असतं.

जुन्या ८०० मध्ये हेडलाईटचा करंट रिलेतून (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा वेगळा स्विच) न जाता थेट या स्विचमधून जातो. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, दोन बल्ब मिळून हाय बीमला १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. एवढं हा स्विच झेलतो. पण रात्री विजापूर रोडने किंवा अक्कलकोटकडं जाताना समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यात जातो म्हणून बऱ्याच जणांनी १००/९० चे बल्ब टाकलेले असतात. दोन मिळून २०० वॅट, जवळजवळ १७ अँपिअर. तेवढा करंट त्या बारीक पितळी पट्टीवरून गेला की ती तापते, प्लॅस्टिक मऊ पडतं, पट्टी सरकते, आणि मग इंडिकेटर, डिपर सगळंच बिघडायला लागतं. लोकांना वाटतं स्विच हलका होता. दोष बल्बचा होता.

म्हणजे दोनच रस्ते: बल्ब परत ६०/५५ चे करा, किंवा हेडलाईटला रिलेचं वेगळं वायरिंग करून घ्या, बॅटरीवरून फ्यूज लावून. रिले लावला की स्विचमधून फक्त रिले चालवण्यापुरता नाममात्र करंट जातो. ६०/५५ चे बल्ब असले तरी मी रिले लावायला सांगेन, उजेडही वाढतो कारण व्होल्टेज वाटेत पडत नाही. वितळलेली पिन मात्र वायरिंगवाल्याकडून नवी क्रिम्प करून घ्या, पक्कडीने दाबून घट्ट केलेली पिन महिनाभर टिकते आणि परत तापते.

जळालेलं काही नसेल तर कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, ब्रश मारा, वाळू द्या. आपल्याकडची बारीक धूळ त्यात सिमेंटसारखी बसलेली असते.

## ६. नवा स्विच बसवणं

स्विच शाफ्टवर घाला, भोकं जुळवा, सगळे स्क्रू आधी हाताने लावा, मग आळीपाळीने कसा. एक स्क्रू पूर्ण कसून मग दुसरा लावायला गेलात तर बॉडी तिरकी बसते आणि दांडी कव्हरच्या खाचेत घासते.

वायरिंग जुन्या रस्त्यानेच न्या. कॉलम वरखाली होणारा नसला तरी शाफ्ट फिरतो, त्याला वायर लागता कामा नये. कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबा.

तपासा: इंडिकेटरची दांडी बरोबर मध्यावर आहे ना? डावीकडं किंवा उजवीकडं लागलेली असताना स्टेअरिंग दाबून बसवलं तर स्विचमधली जीभ कॅमखाली सापडून तुटते. नवा स्विच पहिल्याच दिवशी वाया जायचं हे एक मोठं कारण आहे.

## ७. स्टेअरिंग परत

हॉर्नच्या गोल पट्टीवर इलेक्ट्रिकल ग्रीसचा बोटाच्या टोकावर मावेल एवढाच थेंब लावा. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको, त्यात धूळ चिकटते.

खुणा जुळवा, कॅमचे कान स्विचच्या खाचेत जातील असं बघा, आणि स्टेअरिंग सरळ आत ढकला. नट हाताने फिरवत न्या, तिरका चढला तर लगेच कळलं पाहिजे. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे कसायच्या ठराविक जोराला, कसा. टॉर्कचा पाना नसेल तर कुणाचा तरी आणा किंवा गाडी हळू चालवत पहिल्या गॅरेजपर्यंत नेऊन कसून घ्या, हा नट अंदाजावर सोडण्यातला नाही.

एक दाता जरी चुकला तरी चाकं सरळ असताना स्टेअरिंग तिरकं दिसतं. लोक मग टायरवाल्याकडं जाऊन अलाइनमेंट करून घेतात, आणि चांगलं असलेलं अलाइनमेंट बिघडवून येतात. शिवाय कॅमही त्या दात्याएवढी फिरलेली असते म्हणून एका बाजूचा इंडिकेटर लवकर बंद होतो आणि दुसऱ्या बाजूचा उशिरा. असं झालं तर परत काढा आणि एक दाता सरकवा, दुसरा उपाय नाही.

## ८. कव्हर आणि ते लांब स्क्रू

खालचं कव्हर लावताना वायर दोन तुकड्यांच्या मध्ये चेपली जात नाही ना ते टॉर्चने बघा. आणि स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात. आखूडच्या जागी लांब स्क्रू गेला तर त्याचं टोक आत थेट वायरिंगमध्ये घुसतं. ओळखीच्या एका काकांच्या गाडीत असंच झालं होतं, पावसाळ्यात वायपर लावला की फ्यूज उडायचा, तीन वायरिंगवाले झाले तरी सापडेना. एका स्क्रूच्या टोकाला तांबं चिकटलेलं दिसलं तेव्हा उलगडा झाला.

## ९. बॅटरी लावा आणि पूर्ण तपासणी

निगेटिव्ह लावताक्षणी हॉर्न वाजायला लागला तर लगेच काढा, हॉर्नची वायर कुठंतरी बॉडीला लागलीय किंवा पॅडची स्प्रिंग सुटलीय.

मग गाडी सुरू करून क्रमाने बघा. डावा आणि उजवा इंडिकेटर, घड्याळ लावून मोजा, मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे, म्हणजे १५ सेकंदांत १५ ते ३०. हॅझर्ड. पार्किंग, लो, हाय, डिपर. वायपर, वॉशर. हॉर्न स्टेअरिंग सरळ असताना, पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं असताना, तिन्ही वेळा वाजला पाहिजे. हेडलाईट दहा मिनिटं चालू ठेवून कव्हरखाली हात घालून कपलर चाचपा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

नंतर मोकळ्या मैदानात, रस्त्यावर नाही, दोन्हीकडं पूर्ण वळणं घ्या. दांडी आपोआप परत आली पाहिजे. स्टेअरिंग पुढंमागं ओढून बघा, जराही हललं तर गाडी तिथंच थांबवा आणि नट बघा. हे सगळं जमल्यावरच सात रस्ता किंवा आसरा चौकातल्या गर्दीत घाला.

गाडी १५ वर्षांची होऊन आरसीचं नूतनीकरण करायचं असेल, म्हणजे पुढच्या ५ वर्षांसाठी, तर आरटीओत इन्स्पेक्शनला इंडिकेटर बघतातच. हे काम तारखेच्या आदल्या दिवशी ठेवू नका, निदान आठवडाभर आधी करा. त्या आठवड्यात रोजची गाडी चालवा, आणि शेवटी हॉर्नचं पॅड एकदा काढून नट परत टॉर्कला तपासा. बहुतेक वेळा तो जागेवरच असतो, पण खूण केलेली रेष सरकलेली दिसली तर आत्ताच दिसू दे.